चादरीला आठ वेळा

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी थोरलीने इस्त्रीच्या मशीनचं झाकण खाली ओढलं आणि ओठांतल्या ओठांत म्हटलं, "प्रभू, तू जवळ आहेस, तेवढं पुरे." उशीच्या अभ्र्याला हे चार वेळा म्हणायचं, चादरीला आठ वेळा, की झाकण उचलायचं. इस्पितळाच्या लाँड्रीतल्या या मशीनचा टायमर दोन वर्षांपासून बंद आहे.

प्रार्थना तिची स्वतःची नाही. आधीची इस्त्रीवाली गुडघे गेल्यामुळे घरी बसली, तिने जाताना मशीन आणि ही ओळ दोन्ही हवाली केलं. तेव्हापासून एकही चादर करपली नव्हती. इस्त्री टिकवणं थोरलीला भाग होतं. ती गेली तर मळक्या कपड्यांची खोली, आणि सोड्याच्या पाण्यात तिच्या बोटांना भेगा पडून रक्त येतं.

त्या दिवशी मात्र ओळ कामाला येईना. मुलगी न सांगता घर सोडून गेली, त्याला नऊ दिवस झाले होते. तोंड म्हणत होतं, मन भलतीकडेच.

शेजारच्या टेबलावर घड्या घालणारी धाकटी तिची सख्खी जाऊ. रविवारी दोघी चर्चमध्ये एकाच बाकावर बसतात.

"तुझ्याकडे आहे का गं दुसरी एखादी प्रार्थना?"

"आता प्रार्थनाही उसनी?" धाकटी हसली. "घ्या माझी, ताई. प्रभू, माझ्या मनातलं वादळ तुझ्या हाती देते, आजचा दिवस मला शांत ठेव, उद्याचं तू बघ."

ती लागू पडली. नऊ दिवसांत पहिल्यांदा थोरलीचे खांदे सैल झाले. डोळे मिटून, हाताच्या सवयीने तिने चादरी लावल्या, काढल्या. प्रत्येकीला ही प्रार्थनाही आठ वेळा. वास येईपर्यंत चार चादरी तपकिरी झाल्या होत्या.

सुपरवायझरने त्या टेबलावर पसरल्या. "झोप लागली होती का?"

"टायमर बंद आहे, साहेब."

"तो दोन वर्षं बंद आहे. दोन वर्षं काही जळलं नाही." तो धाकटीकडे वळला. "तू बघत होतीस ना?"

"त्या डोळे मिटून पुटपुटत होत्या, साहेब. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. पोरगी पळून गेली ना."

हे तोपर्यंत लाँड्रीत धाकटीशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांचे हात थांबले. "देवाला सांगून पोरगी तरी आणवायची," मागून कोणीतरी म्हणालं आणि दोघी-तिघी हसल्या. प्रार्थना कोणाची होती, हे थोरलीने सांगितलं नाही.

"तू मळक्या खोलीत," सुपरवायझर म्हणाला. "उद्यापासून इस्त्रीवर ही."

दुपारी दोनला पाळी सुटली तेव्हा थोरलीच्या तीन बोटांना पट्ट्या होत्या. धाकटी दारात थांबली होती.

"राग धरू नका, ताई. कोणीतरी करायलाच हवं ना. तुमची ती आधीची प्रार्थना काय होती? छोटी?"

थोरलीने शब्दन् शब्द सांगितली.

"अभ्र्याला किती वेळा?"

"चार."

"आणि चादरीला?"

थोरलीने पट्ट्यांकडे पाहिलं. "बारा."

धाकटीने ते पेनने तळहातावर लिहून घेतलं. "प्रभू तुमचं भलं करो, ताई."

उद्याच्या पाळीचा कागद दारावर लागला आहे. पहिली खेप प्रसूती विभागाची, साठ चादरी, सगळ्या नव्या.