भट्टी निवली

आमच्या घरात दोन भट्ट्या आहेत, असं दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. एक बेकरीतली विटांची आणि दुसरी मी. विटांची निदान दुपारी बंद होते, असंही वर म्हणतो. म्हणू दे. मी पोस्टात काउंटरवर बसते. दिवसभर लोकांशी गोड बोलून घरी आले की घरच्यांसाठी गोड काही शिल्लक राहत नाही. पण ही गोष्ट माझी नाही, माझ्या वहिनीची आहे. तिला राग म्हणून येत नाही, त्यामुळे तिच्या वाट्याचाही मलाच येतो.

वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला साधा टोस्ट भाजता येत नव्हता. बाबा मात्र तेव्हा बेकरीला वारस शोधत होते. दादाच्या भुवया लहानपणी एकदा भट्टीत डोकावताना जळाल्या, तेव्हापासून तो भट्टीच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. पुढच्या काउंटरवर बसून सुटे पैसे मोजतो. आणि मी? मी एकदा पिठात यीस्ट घालायला विसरले, बाबा ओरडले, मी त्यांच्यापेक्षा मोठ्यांदा ओरडले, आणि माझं शिक्षण तिथेच संपलं. मग बाबांनी सुनेला हाताशी धरलं. पीठ कधी पुरतं फुगलं, भट्टीचा कुठला कोपरा जास्त तापतो, लांब दांड्याची फळी आत सरकवून ट्रे कसा ओढायचा, सगळं तिला शिकवलं.

त्यातच एक नियमही शिकवला. शेवटचा ट्रे बाहेर येईपर्यंत भट्टीवरच्या माणसाने पाणी प्यायचं नाही. तरुणपणी ते एकदा पाणी प्यायला वळले आणि तेवढ्यात अख्खा घाणा जळून कोळसा झाला होता. तेव्हापासून घसा कोरडा पडू दे, जीभ टाळ्याला चिकटू दे, भट्टीकडे पाठ नाही. मी म्हणायचे, बाबा, हा काय वेडेपणा. ते म्हणायचे, तू पोस्टात जा.

पण शेवटचा ट्रे बाहेर आला की ते फळीचा दांडा जमिनीवर दोनदा आपटायचे आणि हाक द्यायचे, "निवली भट्टी! घसे ओले करा!" भट्टी कुठली निवतेय, चांगली संध्याकाळपर्यंत धगधगत असायची. पण हाक म्हणजे हाक. समोरचा शिंपी त्या हाकेवर मशीन थांबवून जेवायला बसायचा. बाबा पहिला पेला भरायचे तो वहिनीच्या हातात द्यायचे, दुसरा स्वतः प्यायचे, आणि मग दोघं पायरीवर बसून राहायचे. मला वाटतं, माझ्या वडिलांनी माझं जेवढं बसून ऐकलं नसेल तेवढं वहिनीचं ऐकलं. वाईट वाटायचं कधीकधी. खोटं कशाला बोलू.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. बेकरी वहिनीवर आली आणि ती तिने तशीच चालवली, एक दिवस खाडा नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी बेकरीच्या काचेवर कुणीतरी एका शर्यतीचं पत्रक चिकटवलं. पोहणं, मग सायकल, मग पळणं, तिन्ही एका दमात, तिन्ही लांबलचक. बाहेरून जाणाऱ्यांसाठी चिकटवलेलं, त्यामुळे वहिनीला ते आतून महिनाभर उलटं दिसत होतं. तिने ते उलटंच वाचून काढलं आणि एके दिवशी मला म्हणाली, यातलं सायकल आणि पोहणं तर मला येतं. माहेरी नदी होती, आणि सासरी पहिली काही वर्षं सायकलवर ब्रेड पोचवायला तीच जायची. पळायचं काय, असं मी विचारलं. तर म्हणे, भट्टीपासून काउंटरपर्यंत दिवसभर काय करते मी?

मला आधी हसू आलं. चाळिशी कधीच उलटलेली, हातावर भाजल्याचे डाग, केसात कायम मैदा, आणि ही चालली शर्यतीला. पण मग तिने एक गोष्ट सांगितली आणि माझं हसू गेलं. ती म्हणाली, "सकाळी डोळे उघडल्यापासून प्रत्येकजण माझ्याकडे काहीतरी मागतो गं. ब्रेड मागतात, बिस्किटं मागतात, तुझा दादा मोजे मागतो. पाण्यात उतरलं की कुणी काही मागत नाही."

मी तिला पोहण्याचा चष्मा आणून दिला.

सरावात ती वेळेवर पाणी प्यायची. सराव थंड हवेत असायचा, पहाटेचं पीठ मळून झाल्यावर. त्यामुळे गेल्या वर्षीच्या पहिल्या शर्यतीत भर उन्हात ती पळता पळता कोसळली आणि स्ट्रेचरवरून आली, तेव्हा कुणालाच काही कळेना. सायकलच्या दोन्ही बाटल्या काठोकाठ भरलेल्या. डॉक्टर म्हणाले, या बाईंनी पाण्याचा थेंब घेतलेला नाही. वहिनीला विचारलं तर म्हणाली, विसरले. अहो, पाणी प्यायला कोण विसरतं!

दादाचा चेहरा त्या दिवशी पिठासारखा पांढरा पडला होता. बोलायला तो तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण घरी आल्यावर त्याने स्पष्ट सांगितलं, की अजून एकदा जा, पण या वेळी आडवी आलीस तर सायकल विकायची आणि हा विषय बंद. मला त्याचा राग आला, पण त्याचा चेहरा अजून पांढराच होता. वहिनी फक्त बरं म्हणाली. मग मागच्या खोलीत जाऊन सायकल पुसत बसली. पुसून पुसून तिने तिचा रंग उडवला.

म्हणून या वर्षी मी शर्यतीत पाणी वाटायचं काम मागून घेतलं. विसरते म्हणजे काय, तोंड उघडून ओतेन, असं मी दादाला सांगितलं. मला एक केशरी टी-शर्ट मिळाला, त्यात माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. तळ्याकाठच्या रस्त्यावर एक टेबल, त्यावर कागदी पेले, मागे सावलीला मोठी छत्री, आणि त्या टेबलाचे प्रमुख एक निवृत्त व्यायामशिक्षक. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात शिट्टीसर म्हणायला लागले. पेला कसा धरायचा यावर त्यांनी मला व्याख्यान दिलं. मी ऐकून घेतलं. वहिनीसाठी माणूस काय काय सहन करतो बघा.

वहिनी तळ्यातून बाहेर आली तेव्हा हसत होती. सायकलवरून गेली तेव्हाही हात केला. तोवर ऊन चढलं. डांबर मऊ पडलं, शिट्टीसरांची शिट्टी ओठांना चटका द्यायला लागली, आणि धडधाकट पोरं रस्त्याच्या कडेला बसून डोक्यावर पाणी ओतून घेऊ लागली. मला सावलीत उभं राहून घेरी येत होती. पळण्याच्या तीन फेऱ्या होत्या, तळ्याला तीन वळसे, आणि प्रत्येक फेरीत आमचं टेबल एकदा लागणार होतं.

पहिल्या फेरीत वहिनी आली. चेहरा भट्टीसमोर असतो तसा लालबुंद, मान थोडी खाली, नजर समोर एका जागी. मी पेला पुढे केला. तिने हात आडवा केला आणि म्हणाली, "नंतर. अजून व्हायचंय."

हे वाक्य मी आयुष्यभर बेकरीत ऐकलं होतं, पण रस्त्यावर नाही. शिट्टीसर म्हणाले, पुढच्या टेबलावर घेतील त्या. मी म्हटलं, तुम्ही ओळखत नाही तिला.

दुसऱ्या फेरीला ती उशिरा आली. ओठ पांढरे, घाम बंद. इतक्या उन्हात घाम बंद होणं म्हणजे अंगातलं पाणीच संपलं. पळत नव्हतीच, पाय ओढत होती. मी टेबल सोडून तिच्याबरोबर चार पावलं धावले, पेला तिच्या तोंडाशी नेला, हातापाया पडले, मग शिव्याही घातल्या. दादाची शपथ घातली. तिने माझ्याकडे बघितलं, पण मी तिला दिसत होते की नाही कोण जाणे. पुन्हा तेच, नंतर. आणि पुढे गेली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती विसरत नव्हती. एवढी धग अंगावर आली की तिचं अंग भट्टीपुढे उभं राहत होतं, आणि भट्टीपुढे ती पाणी पिणार नव्हती. शेवटचा ट्रे अजून आत होता.

तिसऱ्या फेरीची वाट बघताना मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. शर्यत जिथे संपते ती कमान बंद व्हायची वेळ जवळ आली होती. पलीकडे रुग्णवाहिकेपाशी दादा उभा होता, आणि स्ट्रेचर आधीच खाली काढून ठेवलं होतं. वळणावर ती दिसली. दोन पावलं टाकायची, डुलायची, पुन्हा दोन पावलं. स्ट्रेचरवाली दोन पोरं तिला धरायला निघाली. धरली असती तर संपलंच होतं.

मी टेबलामागचा छत्रीचा दांडा उपटला. शिट्टीसर अहो अहो करत राहिले, छत्री त्यांच्या डोक्यावर आली. मी तो दांडा रस्त्यावर दोनदा आपटला आणि पोटातून, बाबांच्या आवाजात, हाक दिली.

"निवली भट्टी! घसे ओले करा!"

वहिनी थांबली. मान वर झाली. एखाद्याने खांद्यावरचं पोतं उतरवून घ्यावं तसे तिचे खांदे खाली आले. ती सरळ टेबलापाशी आली आणि हात पुढे केला. मी पेला दिला, तिने तो एका दमात रिकामा केला आणि तोंड खांद्याला पुसलं, हात मैद्याचे असल्यासारखं. दुसरा पेला, तिसरा, मीठ-साखरेचं पाणी, मग बर्फ मानेवर. शिट्टीसर छत्रीतून बाहेर आले आणि एक अक्षर न बोलता तिला पेले भरून देत राहिले. मी त्यांना मनातल्या मनात माफ केलं.

बऱ्याच वेळाने तिचे डोळे जागेवर आले. तिने मला ओळखलं आणि तिच्या गालावरून पाणी वाहायला लागलं. आता तेवढं पाणी तिच्या अंगात होतं.

"बाबांसारखी दिलीस," ती म्हणाली. "तीन वर्षांत कुणी दिलीच नव्हती."

खरंच दिली नव्हती. नियम तिने पाळला होता, पण हाक देणारं माणूस गेलं होतं, आणि आमच्यापैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. तीन वर्षं रोज शेवटचा ट्रे निघत होता आणि वहिनीचं काम काही संपत नव्हतं. शिट्टीसरांनी घड्याळ दाखवलं नसतं तर आम्ही दोघी तिथेच रडत बसलो असतो.

ती चालत, पळत, पुन्हा चालत गेली आणि कमान बंद व्हायच्या जरासं आधी आत शिरली. शेवटून दुसरी. उभी. दादाने तिला पाहिलं आणि जाऊन त्या रिकाम्या स्ट्रेचरवर बसला. त्यालाच दोन पेले पाणी द्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी जिना उलटी उतरली, कारण मांड्या सरळ उतरू देत नव्हत्या. पण बेकरी उघडली. मी जेवणाच्या सुट्टीत पोस्टातून निघून तिथे गेले. तिने शेवटचा ट्रे ओढला, मी फळीचा दांडा घेतला, आपटला आणि हाक दिली. समोर शिंप्याचं मशीन खाडकन थांबलं. आणि दादा, ज्याने लहानपणापासून तो उंबरा ओलांडला नव्हता, एक हात भुवयांवर आडवा धरून आत आला. दुसऱ्या हातात पाण्याचा पेला होता, अर्धा त्याने वाटेत सांडला होता.

वहिनी ते प्यायली आणि पायरीवर बसली. मीही बसले. ती माझ्याकडे वळली. मला चिडवायचं असलं की ती वन्सं म्हणते.

"वन्सं, एक मागू?" ती म्हणाली. "उद्याही याल?"

तिने कुणाकडे काही मागितलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, माझी एवढीशी सुट्टी, पोस्ट कुठे, बेकरी कुठे, विचार करून सांगते. ती हसली. एरवी पोस्टातच असतो तो जेवणाचा डबा मी आल्या आल्याच तिच्या फडताळात ठेवला होता, तो तिने पाहिला होता.