"बाळाला ठेवून ये" म्हणे!

गुरुवारी आमच्या राहात्याच्या चर्चच्या हॉलमध्ये जे झालं, ते आज लिहितेय. त्याच दिवशी लिहिलं असतं तर हातून काय काय लिहिलं गेलं असतं, म्हणून मुद्दाम थांबले. राग अजून उतरलेला नाहीच...

कारखान्यामागच्या माळावर ऊसतोडीला आलेल्यांच्या झोपड्या आहेत, पाचट आणि ताडपत्रीच्या. घरदार सोडून अख्खा हंगाम तिथेच मुक्काम. चर्चमधल्या आम्हा बायकांचा ग्रुप दर थंडीत तिथे ब्लँकेट, दूध पावडर वगैरे घेऊन जातो, त्यामुळे मुलं आम्हाला ओळखतात.

म्हणून एका संस्थेचा मला फोन आला. मदत कशी हवी हे मोठ्यांनी ठरवायचं नाही, मुलांनाच विचारायचं, असं त्यांचं संशोधन. कल्पना मला मनापासून आवडली! मी उत्साहाने हॉल झाडून घेतला, सतरंज्या टाकल्या, सगळ्यांसाठी पोहे करवून घेतले.

संशोधन करणाऱ्या मॅडम तरुण, बोलायला गोड. हीच पद्धत परदेशात निर्वासितांच्या छावण्यांमधल्या मुलांसोबतही वापरलीय, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. रंगीत कागद, स्केचपेन, रेकॉर्डर... सगळं अगदी व्यवस्थित.

मुलं आली. मुलगे धावतच आत घुसले. मुली मात्र दारातच थांबल्या, कारण जिच्या तिच्या कडेवर एक बाळ होतं. आईबाप पहाटेच ऊस तोडायला गेलेले, मग धाकट्याला कोण सांभाळणार? थोरली बहीणच की.

मॅडम दारात आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "बेटा, बाळाला ठेवून ये हं. रडलं की रेकॉर्डिंग खराब होतं."

ठेवून ये?? कुठे ठेवायचं त्याला, चपलांच्या रॅकवर?

मुली वळल्या आणि बाहेर लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसल्या. त्यांना त्यात काही वावगंही वाटलं नसावं, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

मी आत जाऊन म्हटलं, अहो, सगळ्या मुली बाहेर बसल्यात. तर मॅडम म्हणतात, "हो ना, मुली सहभागी व्हायला तयारच नसतात. बऱ्याच ठिकाणी हा अनुभव येतो, आम्ही रिपोर्टमध्ये तसं लिहितोही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरी एवढा माळ तुडवत बाळं घेऊन आल्या आणि म्हणे तयार नसतात! त्या परदेशातल्या छावण्यांच्या दारातूनही अशा किती मुली परत गेल्या असतील, आणि त्यांच्याबद्दलही असंच लिहिलं गेलं असेल...

मी काही गोड बोलणाऱ्यांतली नाही. हॉलची किल्ली माझ्याकडे आहे, मुली आत नसतील तर आजचा कार्यक्रम इथेच संपला, असं तोंडावर सांगितलं. मग बाहेर येऊन पदर खोचला आणि पोह्यांसाठी आलेल्या आमच्या ग्रुपमधल्या बायकांना हाका मारल्या. एकेकीने एकेक बाळ घ्यायचं आणि पोरींना आत पाठवायचं.

माझ्या वाट्याला शीतलचा भाऊ आला. शीतल जामखेडकडची, असेल दहाएक वर्षांची. ती त्याला सोडायलाच तयार नव्हती. "मावशी, लई रडतंय ते. तुमाला न्हाई जमायचं," असं मलाच समजावत होती.

नाहीच जमलं! त्याने भोकाड पसरलं, माझा चष्मा ओढला, साडी ओली केली. शेवटी खांद्यावर थोपटत त्याला घेऊन हॉलच्या खिडकीशी उभी राहिले, तेव्हा कुठे गप्प झाला. तिथून आतलं सगळं ऐकू येत होतं.

कुठली मदत मिळाली तर तुम्हाला बरं वाटेल, असं मॅडम विचारत होत्या. मुलग्यांनी बॅट सांगितली, सायकल सांगितली, एकाने तर मोबाईल. मग शीतल म्हणाली, "आता त्या मावशीनी बाळ धरलंय ना... तसं कुनीतरी रोज धराय पायजे. मंग मी साळंत जाईन."

खिडकीशी उभ्या उभ्या माझे डोळे भरून आले. मॅडम म्हणाल्या, "छान! पण आपले विषय शिक्षण, आहार आणि स्वच्छता आहेत ना, हे आपण 'इतर'मध्ये टाकू."

इतर!! पोरगी शाळेत का जात नाही, ते तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि ते शिक्षणात बसत नाही? मी खिडकीतूनच ओरडले, "ते सगळ्यात वर लिहा!" बाळ दचकून पुन्हा रडायला लागलं आणि मॅडमचा चेहरा पडला. त्यांनी लिहून घेतलं खरं, पण रिपोर्टमध्ये ते टिकेल की नाही, देव जाणे.

त्या रिपोर्टची वाट बघायला मला वेळ नाही. काल उपासनेनंतर पाळकसाहेबांशी बोलले. सकाळी हॉल रिकामाच असतो, तो बाळांसाठी उघडायला ते हो म्हणाले. राहात्यातल्या कुणाला सकाळचे दोन तास देता येत असतील तर सरळ या. कपडे जुने घालून या...

पण गुरुवारची एक गोष्ट राहिलीच. कार्यक्रम संपला, मॅडमनी रेकॉर्डर बंद करून पर्समध्ये टाकला. मी बाळाला घेऊन आत गेले आणि शीतलपुढे धरलं. एरवी झडप घालून त्याला घेणारी पोरगी... तिने हातच पुढे केले नाहीत.

"थांबा की मावशी," ती म्हणाली. "माजं आजून सांगून व्हायचंय."

मग मी त्याला मांडीवर घेऊन तिच्यासमोर सतरंजीवर बसले. तिने मला सगळं सांगितलं, त्याबद्दल मी तिची आभारी आहे.