पिवळं पाणी

मालकांनी ओगराळं वरणाच्या पातेल्यात बुडवलं, भरून काढलं आणि माझ्या तोंडासमोर धरलं.

"पी."

शाळेचा व्हरांडा. लेकरं ताटं घेऊन रांगेत बसलेली. मोठे सर खांबाला टेकून मोबाइल बघत होते. मालक म्हणजे शाळेच्या समितीचे अध्यक्ष. माझा नवरा त्यांच्या रानात सालगडी, म्हणून आमच्या घरात त्यांना अध्यक्ष कुणी म्हणत नाही. मालकच म्हणतात.

"वरण नुसतं पाणी असतंय म्हणलीस ना मॅडमला? मग पी की. लय बोललीस, नरडं वाळलं असंल."

लेकरं हसली. मी ओगराळ्याला तोंड लावलं आणि प्याले. जीभ भाजली. थोडं पदरावर सांडलं. त्यांनी तेच ओगराळं परत पातेल्यात बुडवलं आणि परत पुढं केलं. परत प्याले. त्यानंतर कितीदा, मला ठाऊक नाही. लेकरांचं हसू कधी थांबलं तेही कळलं नाही.

मग मालक लेकरांकडं वळले.

"सगळं पातेलं उष्टं झालं की रं. हिचं उष्टं कोण कोण खाणार?"

लेकरांच्या आधी स्वयंपाकिणीनं चव घ्यायची, असा नियमच आहे. मी रोज घ्यायची. पण ओगराळं उंच धरून तळहातावर थेंब पाडायची आणि हात चाटून धुऊन टाकायची. ओगराळ्याला कधी तोंड लावलं नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यातल्या बाईला ते सांगावं लागत नाही. मालकांनाही ते माहीत होतं. म्हणून त्यांनी ओगराळंच निवडलं.

एका पोरानं ताट उलटं केलं. मग शेजारच्यानं. मग रांगच्या रांग. माझी लेक तिसरीत आहे. तिनंही इकडंतिकडं बघितलं आणि आपलं ताट उलटं केलं.

मी याच शाळेत चौथीपर्यंत शिकले. लेक अंगावर पीत होती तेव्हापासून इथं स्वयंपाक केला. चार माणसांत उभी राहिले की माझा आवाज बसतो. गावाला हे माहीत आहे. मला वाटतं, काम त्यामुळंच मिळालं होतं.

तांदूळ आणि डाळ टेम्पोनं यायची. पोती उतरायची शाळेत आणि संध्याकाळच्या आत मालकांच्या जीपमध्ये चढायची. मला सकाळी मिळायची ती पातेल्याचा तळ झाकेल एवढी डाळ. "हळद जास्त टाक," मोठे सर म्हणायचे. "दाट दिसतंय." मी टाकायची. लेकरं त्याला पिवळं पाणी म्हणायची.

परभणीहून तपासणी येणार असली की मात्र डाळ पुरेशी यायची. अंडी यायची. मॅडम तपासणीला आल्या त्या दिवशीही आली होती. मॅडम रांगेतून फिरत होत्या आणि पहिलीतल्या एका पोरीनं मला विचारलं, "मावशी, आज कुणाचं लगीन हाय?"

मॅडम हसल्या. मग त्यांचं हसू गेलं. स्वयंपाकाच्या खोलीत शेगडीपाशी येऊन त्यांनी हळूच विचारलं, "बाई, रोज कसं असतं?"

त्या खोलीत मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. विचारणाऱ्याला उत्तर हवं असतं, असं मला वाटलं. मी सांगितलं. हळदीचं, पोत्यांचं, जीपचं. "तुमचं नाव कुठं येणार नाही," मॅडम म्हणाल्या.

आलं. मॅडम खोटं बोलल्या असं मी म्हणत नाही. त्यांनी वर कळवलं. वरून चौकशीचा हुकूम तालुक्याला, सोनपेठला आला. सोनपेठहून तो आमच्या मोठ्या सरांकडं आला, की चौकशी करून कळवा. ज्यांच्यावर तक्रार, त्यांच्याकडंच. माझं नाव त्यात नव्हतं. "स्वयंपाकी बाईने सांगितल्यानुसार" असं होतं. शाळेत स्वयंपाकीण एकच.

त्यानंतर ओगराळं.

दुसऱ्या दिवसापासून लेकरं घरून डबे आणायला लागली. इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लं त्यांनी. मी गप्प होते तोवर माझ्या हाताला जात नव्हती.

नवऱ्याला साल अर्ध्यात असताना रानातून काढलं. "बायकूला आवर, मग ये," म्हणाले. तो माझ्याकडं पाठ करून जेवायला लागला. बौद्धवाड्यातले आमचे चुलतसासरे आले, लाल डोळ्यांनी दारात बसून राहिले. जाताना म्हणाले, "पोरी, आपल्याला हितंच ऱ्हायाचंय." त्यांचंही खरं होतं. त्यांची दोन्ही मुलं मालकांच्याच रानात आहेत.

एक दिवस सकाळी सरांकडून किल्ली घेऊन शाळेतल्या स्वयंपाकाच्या खोलीचं दार उघडलं. काडेपेटी हातात होती. वास आला. कशी थांबले मला कळत नाही. गॅसची नळी कापलेली होती, ब्लेडनं कापावी तशी सरळ. मोठे सर म्हणाले, "उंदीर असंल."

मी ठाण्यात गेले. जमादारांनी विचारलं, संशय कुणावर. मी म्हणाले, किल्ली सरांकडं असते. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"बाई, घरी लेकरू हाय ना तुमाला?"

ते विचारत होते की सांगत होते, मला अजून कळलेलं नाही. मॅडमना फोन लावला. दुसऱ्याच कुणी उचलला. त्यांची बदली झाली, म्हणाले.

मग सोनपेठला बोलावणं आलं. मालक जीपनं गेले, मी आणि नवरा एसटीनं. साहेबांच्या टेबलावर कागद टाइप करून ठेवलेला होता. मी वाचला. मला वाचता येतं. माझा गैरसमज झाला होता, आहार उत्तम असतो, असं होतं त्यात. खाली माझं नाव आणि सहीची जागा.

"करून टाका, ताई," मालक म्हणाले. ताई. आयुष्यात पहिल्यांदा. "उद्यापासून हा रानात, तुम्ही शाळेत. मी काय मनात ठेवत न्हाई."

नवरा मागं उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. त्यालाही सही हवी होती. मी पेन उचललं.

ओगराळ्याच्या त्या दिवशी घरी आल्यावर मी लेकीला विचारलं होतं, तू का गं उलटं केलंस. ती म्हणाली, "समद्यांनी केलं म्हणून केलं. आई, मला लय भूक लागली व्हती."

मी पेन खाली ठेवलं.

"डाळ नव्हती," मी म्हणाले. आवाज फुटलाच नाही. साहेब म्हणाले, काय?

"डाळ नव्हती, साहेब. हळद व्हती."

तेवढंच बोलले. बाकी जे ठरवून आले होते ते सगळं विसरले.

कामावरून काढलं. लेकरं हिच्या हातचं खात नाहीत, हे कारण लिहिलं. म्हणजे त्यांनीच खाऊ दिलं नाही आणि त्यांनीच ते लिहिलं. आता दुसरी बाई स्वयंपाक करते. तीही हळदच टाकते. तिला बोल लावत नाही, तिलाही घर आहे. नवरा परभणीला मोंढ्यात हमाली करतो. पोती अजून जीपमध्ये चढतात. मी बोलले म्हणून एक दाणा जास्त शिजलेला नाही.

पण मी त्या शाळेतल्या लेकराची आई आहे. यावरून मला काढता येत नाही.

मधल्या सुट्टीत मी शाळेत जाते. पहिल्या दिवशी लेकीनं मला बघितलं आणि ताट उलटंच धरलं. मी ते तिच्या हातानं सरळ करून घेतलं. म्हणाले, वाढतील ते घ्यायचं, ताट उलटं करायचं नाही. त्या बाईनं वाढलं. मी वाकून बघितलं आणि व्हरांड्यात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "आजबी पाणीच हाय."

आवाज थरथरला. अजून थरथरतो. रोज जाते, रोज सांगते. तपासणीच्या दिवशी डाळ असली तर आज डाळ आहे हेही सांगेन.

परवा फाटकापाशी मालकांनी जीप माझ्या अंगाला घासून थांबवली. काच खाली केली. "रस्ता लय खराब हाय, बाई. एखांद्या दिशी कुणाच्यातरी चाकाखाली जाशील."

जाईनही. मग त्याची चौकशी होईल आणि ती मोठ्या सरांकडंच येईल. कुणी काही बघितलेलं नसेल. हे मला माहीत आहे. माहीत असून लिहिते आहे.

उद्या शाळा आहे. मी जाणार आहे.