गिरगिरीची पहिली नोंद

कंधारच्या तलावावर तो पक्षी मी पाहिला, ही नोंद खरी आहे. त्याच कागदावर, माझ्याच नावापुढे, भूकंपाआधीची लातूरकडची आणखी एक नोंद आहे. ती खोटी आहे.

भूकंपानंतरच्या वर्षांत मी लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होतो. एका बॅचला दोनशे पोरं. दर शुक्रवारी शंकापेटी उघडायची, चिठ्ठी मोठ्याने वाचायची आणि तिथल्या तिथे उत्तर द्यायचं, असा रिवाज. "बघून सांगतो" म्हणणाऱ्या सरांची पोरं पुढच्या वर्षी शेजारच्या क्लासात दिसायची.

एका चिठ्ठीवर पेन्सिलीने पक्षी काढला होता. पोट पांढरं, डोळ्यामागे काळा पट्टा, चोच सुईसारखी. खाली लिहिलं होतं : 'चिमणीहून थोडा मोठा. गणपतीच्या दिवसांत आमच्या तळ्यावर यायचा. पाण्यावर बसून भिंगरीसारखा फिरतो आणि टिपून खातो. अण्णा गिरगिरी म्हणायचे. हा कोण? कुठं राहतो?'

"हा तुतवार," मी म्हणालो. "काठच्या चिखलात चरतो. पोहत नाही, फिरत तर मुळीच नाही."

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. विसर्जनानंतरच्या पहाटे तिचं गाव भूकंपात गेलं होतं.

"फिरतो सर. माझे वडील भोई होते, तळ्यात जाळं टाकायचे. त्यांनीच दाखवला. आता बघितलेलं माणूस मी एकलीच राहिले."

"डोक्यावर माळवद पडलं की पक्षीच काय, सगळं जग फिरतं."

दोनशे पोरं हसली. ती खाली बसली. तिचे वडील घराच्या मातीच्या माळवदाखालीच गेले होते. मला हे ठाऊक होतं का? होतं. तिच्या प्रवेश अर्जावर मीच सही केली होती.

ती वर्षभर आली. पेटीत तिची चिठ्ठी पुन्हा आली नाही. पहिली मात्र माझ्या वहीत राहिली. का ठेवली, ते सांगता येत नाही.

निवृत्तीनंतर नांदेडच्या पक्षी पाहणाऱ्या मंडळींबरोबर कंधारला गेलो. गणपतीचेच दिवस. ढगाळ सकाळी तलावाच्या मधोमध एक पांढरा ठिपका स्वतःभोवती गरगर फिरत होता. बरोबरच्या एकाने पुस्तक उघडलं : फॅलारोप. उत्तर ध्रुवाकडच्या दलदलीत घरटं करतो, हिवाळा अरबी समुद्रावर काढतो; आपल्याकडे फक्त वाटेतला मुक्काम.

"सर, तुम्ही आधी कधी पाहिलाय?"

तेव्हाही "नाही" म्हणता आलं नाही. "लातूरकडे," मी म्हणालो, "भूकंपाआधी." आणि ती चिठ्ठी तोंडपाठ म्हणून दाखवली. त्यांनी सगळं लिहून घेतलं, टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत मला ते दोनशे पोरांचं हसू ऐकू आलं. अजून येतं. हात धुताना मोरीच्या भोकाशी पाणी गोल फिरलं तरी येतं.

गेल्या महिन्यात तिचा नंबर मिळवला. ती उदगीरला नर्स आहे. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. तिने पक्ष्याचंच विचारलं.

"कोणत्या अंगानं फिरत होती गिरगिरी, सर? डाव्या का उजव्या?"

"ते पाहिलं नाही."

"अण्णा म्हणायचे, एकेकीचं ठरलेलं असतंय." मग हळूच म्हणाली, "म्हणजे तुम्ही नीट बघितलीच न्हाई."

नोंद दुरुस्त करायला तिच्या वडिलांचं नाव हवं होतं. तिने सांगितलं, मी लिहून घेतलं.

"आणि दिवस?"

"विसर्जनाचा लिहा. ती उडून जाईल म्हणून त्या दिवशी अण्णांनी जाळंच टाकलं न्हाई. सांच्यापारी मला काठावर बसवून म्हणाले, बघून घे, उद्या असंल का नसंल."