बाईंच्या घड्याळाचा सेल

"सवलत वेगळी, दया वेगळी," असे म्हणत बाई खडूने टेबलावर टकटक करीत. खडू मोडे, आणि त्याचा दोष समोरच्याला लागे. पोलादपूर तालुक्यातील आमच्या शाळेत त्या गणिताच्या शिक्षिका आणि मी मुख्याध्यापक. दोष बहुधा मलाच लागे.

उमरठकडच्या एका मुलीला नववीत रक्ताचा कर्करोग झाला. वर्ष मुंबईच्या रुग्णालयात गेले. परीक्षेच्या सुमारास ती घरी आली. पण शाळेत येण्यास डॉक्टरांची मनाई होती. परीक्षेशिवायच तिला दहावीत घ्यावे, असे मी सुचवले. तिने बाईंना फोन केला. "बाई, मी काय मेलेय? पेपर नाय द्यायचा मी?"

बाकीच्या शिक्षकांनी फोनवरच तोंडी परीक्षा उरकली. गणित उरले.

"मी पेपर घेऊन घरी जाते," बाई म्हणाल्या.

"आणि नापास झाली तर? वर्ष जाईल तिचे."

"जाईल. ती आजारी आहे, गणित नाही."

देखरेखीला म्हणून मीही गेलो. बाईंनी मास्क लावला, हात धुतले आणि त्या घराचे परीक्षा केंद्र केले. भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली, कारण तिच्यात आकडे होते. आजीला अंगणात बसवले.

"बघ गो," आजी शेजारणीला ऐकवू लागली, "माझ्याच घरातनं मला भायेर काढलीन!"

थोड्याच वेळात मुलीने पेन खाली ठेवले. ती आडवी झाली. बाईंनी उत्तरपत्रिका मांडीखाली घेतली, घरून आणलेले घड्याळ उलटे केले आणि त्याचा सेल काढून मुठीत धरला.

"हे नियमात बसत नाही," मी म्हणालो.

"वेळ तीन तास. ते सलग असावेत, असं कुठं लिहिलंय?"

आजीने दारातून विचारले, "बाई, पोरीला वाईच पेज पाजू का?"

"परीक्षा चालू असताना नाही." बाईंनी मुठीकडे पाहिले. "आता बंद आहे. पाजा."

मुलगी उठे, तेव्हा सेल घड्याळात जाई. ती पडे, तेव्हा मुठीत येई. सकाळी सुरू झालेला पेपर दिवेलागणीला संपला. शेवटची एस.टी. निघून गेली होती. बाईंच्या घड्याळाप्रमाणे मात्र ती यायला बराच अवकाश होता.

मुलगी पास झाली. "थोडक्यात वाचली. अक्षर वाईट," एवढेच बाईंकडून कौतुक झाले. पुढे ती बरी झाली, शिकली आणि महाडला नोकरीस लागली. निवृत्तीनंतर बाईही महाडलाच राहत. बाईंच्या शेवटच्या आजारपणात ती रोज त्यांच्याकडे जाई. बाई तिचे अक्षर सुधारीत.

गेल्या वर्षी बाई वारल्या. मी पोहोचलो, तेव्हा त्यांना निजवलेले होते. उशाशी तेच घड्याळ होते, बंद.

"सेल संपलेला दिसतोय," त्यांचा पुतण्या म्हणाला.

कोपऱ्यात ती बसली होती. तिने मूठ उघडली.

"नाय संपला. बाई जरा पडल्यात."

हे नियमात बसत नाही, असे मी म्हणालो नाही.