सासऱ्यांचे गाल

माझी एक बरगडी नागपुरात राहिली, असे माझे सासरे येईल त्याला सांगत. ते तितकेसे खरे नाही. डॉक्टरांनी काढला तो बरगडीचा चारेक बोटे लांबीचा तुकडा होता. मी स्वतः विचारून घेतले होते. पण सासऱ्यांच्या तोंडी त्या तुकड्याची बरगडी झाली, आणि मूल गावच्या बाजारात पोचेपर्यंत एकीच्या दोन झाल्या. मी त्या वेळी मूलला धानाच्या गिरणीत हिशेब लिहीत असे. बाजारातले लोक मला अडवून विचारत, "तुमच्या सासऱ्याच्या किती काढल्या?" मी खरे ते सांगे. कोणालाही ते आवडत नसे.

नागपूर अजून मध्य प्रदेशात होते त्या दिवसांतली ही गोष्ट. सासऱ्यांचे गाव वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या अंगाला. न्यूमोनिया होऊन त्यांच्या छातीत पू साचला. चांद्याच्या डॉक्टरांनी सुई घालून पाहिली आणि म्हणाले, हे आमच्याने व्हायचे नाही, नागपूरला न्या. मग डोंग्यातून नदी, बैलबंडीतून मूल आणि छोट्या रेल्वेने नागपूर, असे मी त्यांना जिथे डॉक्टर शिकून तयार होतात त्या मोठ्या इस्पितळात नेले. तिथे छातीच्या रोग्यांचा वॉर्डच वेगळा होता. वॉर्डाचे मोठे डॉक्टर बुटके आणि कमी बोलणारे होते. त्यांच्यामागे शिकणाऱ्या पोरांची रांग असे. रोज कोणीतरी येऊन सासऱ्यांच्या पाठीवर बोट आपटून बघे. सासरे म्हणत, "टरबूज हावो का मी?"

बरगडीचा तुकडा काढून, त्या वाटेने नळी घालून पू काढला. माणूस वाचला. जखम भरत आल्यावर घरी सोडताना मोठ्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन नीट समजावले. फुफ्फुस चिमटून बसले आहे, त्याच्याभोवती पोकळी राहिली आहे. फुफ्फुस फुगून ती पोकळी भरली पाहिजे. नाही भरली तर पुन्हा पू होईल, आणि मग पाच-सहा बरगड्या काढून छातीची ती बाजूच खाली बसवावी लागेल.

हे टळावे म्हणून त्यांनी आम्हाला दोन बाटल्या दिल्या. मोठ्या, जाड काचेच्या, तोंडाला रबरी बूच, आणि दोन्ही एकमेकींना नळीने जोडलेल्या. एकीत लाल रंगाचे पाणी. दुसऱ्या नळीतून छातीत भरून घेतलेला श्वास जोर लावून फुंकला की पाणी या बाटलीतून त्या बाटलीत जाई. सगळे गेले की नळी बदलून उलटे फुंकायचे. सकाळ-संध्याकाळ एवढेच काम. बाटल्या मात्र इस्पितळाच्या. परत आणून द्यायच्या.

गावात बाटल्या पोचल्या आणि सासऱ्यांच्या ओसरीवर जत्रा भरली. त्या लाल पाण्याला गावाने औषध ठरवले. ते प्यायचे नसून नुसते इकडून तिकडे करायचे, हे कोणाला पटेना. "मंग त्याचा फायदा काय?" एका म्हातारीने मला विचारले. मी समजावले. ती म्हणाली, "बापा, इतका फुंकला असता त चूल पेटली असती."

मी बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून बोटाबोटावर रेघा मारून दिल्या, म्हणजे पाणी किती चढते ते कळेल. पहिल्या दिवशी सासऱ्यांचे पाणी दुसऱ्या रेघेला अडले. ते धापा टाकत भिंतीला टेकले आणि माझ्याकडे असे पाहू लागले की जणू रेघा मारल्या हाच माझा गुन्हा.

मग मी मूलला कामावर परतलो. पंधरवड्याने बायकोला माहेरी पोचवायला गेलो तर पाणी काठोकाठ चढत होते. सासऱ्यांनी माझ्यासमोर फुंकून दाखवले. सगळी बाटली रिकामी, दुसरी भरलेली. चेहऱ्यावर घाम नाही.

"जवाई, लिवून घ्या," ते म्हणाले.

आकडा माझ्या डोळ्यांनी पाहिलेला, त्यामुळे त्यावर संशय घेणे मला जड गेले. पण त्याच संध्याकाळी आम्ही विहिरीकडे गेलो, तेव्हा एवढ्याशा वाटेत सासरे दोनदा बसले. पहिल्यांदा चप्पल झटकायला, दुसऱ्यांदा एका शेळीची चौकशी करायला. शेळी त्यांची नव्हती.

तपासणीला नागपूरला गेलो तेव्हा सासरे नवरदेवासारखे नटून आले होते. मोठे डॉक्टर पोरांची रांग घेऊन खाटेशी आले. सासऱ्यांनी न सांगताच नळी तोंडात धरली आणि सगळे पाणी चढवून दाखवले. पोरांनी एकमेकांकडे कौतुकाने पाहिले. डॉक्टरांनी एका पोराला पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकायला सांगितले आणि सासऱ्यांना पुन्हा फुंकायला लावले. पाणी चढले. पोराचा चेहरा पडला. त्याला पाठीतून काहीच ऐकू येत नव्हते.

मग डॉक्टर पुढे झाले. त्यांनी सासऱ्यांचे दोन्ही गाल दोन अंगठ्यांनी आत दाबून धरले आणि म्हणाले, "आता फुंका."

पाणी दुसऱ्या रेघेपर्यंतही गेले नाही.

"बाबा, तुमचे गाल उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण आजार गालांचा नव्हता."

पोरे हसली. सासरेही हसले, हसणारे पुष्कळ असले की ते नेहमी त्यांच्या बाजूला जात. एक्स-रे काढला. फुफ्फुस होते तिथेच बसलेले होते. डॉक्टरांनी सांगितले की नदी भरायच्या आत पुन्हा आणा; आणि तेव्हाही असेच दिसले तर परत न्यायचे नाही, ऑपरेशनला ठेवून घेऊ. गाल कोणीतरी धरले पाहिजेत, हे त्यांनी मला दोनदा बजावले.

रेल्वेत बसल्यावर भानगड बाहेर आली. शेजारच्या सोनाराने ही कला शिकवली होती. सोनार दिव्याच्या ज्योतीवर फुंकणीने फुंकतो तेव्हा वारा गालांतून सोडतो आणि श्वास नाकाने घेत राहतो. छातीला तसदीच नाही. सासऱ्यांना ही विद्या दोन दिवसांत आली.

"पानी चढवाचं होतं ना? चढवलं," सासरे म्हणाले. "कुठून फुंकाचं हे डाक्टर बोलला नव्हता."

डॉक्टर बोलले होते. मी तिथे उभा होतो. पण मी वाद घातला नाही, कारण सासरे खिडकीबाहेर बघत होते. डोंगा नदीच्या मध्यावर आला तेव्हा त्यांनी हळूच विचारले, "किती बरगड्या म्हनला तो?"

"पाच-सहा."

"त्याच्यानंतर मानूस नांगर धरते का?"

"विचारले नाही," मी म्हणालो. हेही खरे नव्हते. मी विचारले होते. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली होती.

घरी आल्यावर प्रश्न उभा राहिला, गाल धरायचे कोणी? मी तयार होतो. पण सासऱ्यांनी दोन्ही हात वर केले. "जवाई आमच्या घरचा देव. तो माह्या तोंडाले हात लावन? असं या गावात झालं नाई." त्यांचा भाऊ पुढे झाला तर त्याच्या हाताला तंबाखूचा वास येतो म्हणाले. सोनार स्वतः आला, पण त्याला कोणीच विचारले नाही.

तेवढ्यात आतल्या दारातून सासूबाईंचा आवाज आला. "मी धरीन."

माझ्या सासूबाई माझ्यासमोर कधी पदर डोक्यावरून खाली येऊ देत नसत. मला काही सांगायचे तर ते भिंतीला सांगत आणि मी ऐकून घेई. अशी बाई चार माणसांत नवऱ्याचे गाल धरणार. सासऱ्यांचा भाऊ उठून बैल पाहायला गेला. सासरे म्हणाले, "काऊन, तुले लाज नाई वाटत?"

"लाज बरगड्या गेल्यावर पाहू," त्या म्हणाल्या, आणि येऊन समोर बसल्या.

त्यांनी अंगठे लावले. सासऱ्यांनी फुंकले. पाणी हलले न हलले. आणि तेव्हा सासूबाईंना एक गोष्ट सुचली, किंवा ती त्यांच्या मनात आधीपासून होती. मला ठरवता आले नाही. नवऱ्याच्या तोंडात नळी आहे आणि गाल आपल्या हातात आहेत, म्हणजे तो काही बोलू शकत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. लग्नापासून आजवर असा योग त्यांना आला नव्हता.

"माह्या बापानं देल्ली गाय," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "मेली म्हणून सांगतलं तुमी. ते मेली नाई. ते मूलच्या बाजारात इकली."

सासऱ्यांचे डोळे मोठे झाले. त्यांनी उत्तर द्यायला श्वास भरून घेतला. पण तोंडात नळी. तो श्वास जायला एकच वाट होती. पाणी तिसऱ्या रेघेवर गेले.

"फुंका," सासूबाई म्हणाल्या. "अजून लय आहे."

दुसऱ्या सकाळपासून शेजारच्या बाया विस्तव मागायला बरोबर त्याच वेळी येऊ लागल्या. इतका विस्तव त्या गल्लीत कधी लागला नव्हता. सासूबाई रोज एकच गोष्ट काढत, उगाच घाई नाही. कोणाच्या लग्नात भाजी खारट झाली तेव्हा मीठ कोणी टाकले आणि नाव कोणाचे लागले. कोणत्या वर्षी धानाच्या रोपांचे पऱ्हे वाळले, कारण पाणी सोडायला गेलेला माणूस झाडाखाली झोपला होता. सासरे लाल होत, हात नाचवत, आणि फुंकत. एकदा ते नळी सोडून "खोटं आहे" असे म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "नळी सोडली म्हंजे खरं आहे," आणि बायांनी तो निवाडा मानला. सोनार एकदा डोकावला. म्हणाला, "भाऊ, पानी चढून राह्यलं."

"सोनारभाऊ, तुमचेबी गाल धरू का?" सासूबाईंनी विचारले. सोनार परत आला नाही.

सगळ्यांत वर पाणी गेले ते लुगड्याच्या दिवशी. त्या दिवशी मी हजर होतो म्हणून लिहितो. सासूबाईंचे एक हिरवे लुगडे फार वर्षांपूर्वी घरातून नाहीसे झाले होते, आणि त्यावरून त्या आपल्या जावेशी बोलत नव्हत्या, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. सासूबाईंनी अंगठे घट्ट लावले.

"दिवाळीनंतर तुमी खळ्यावर धान राखाले जाऊन राह्यलो म्हनत होते," त्या म्हणाल्या. "खळ्यावर नव्हते गेले. नदीपलीकडं दंडारीच्या नाटकात राणी झालते. माह्यं हिरवं लुगडं नेसून."

बायांच्या घोळक्यात जाऊबाई उभ्या होत्या. सगळ्या त्यांच्याकडे वळल्या. सासऱ्यांनी एवढा श्वास घेतला की जखमेची बाजूही उचलली गेलेली मी पाहिली. पाणी वरच्या रेघेच्या पुढे जाऊन बुचातून फसफसले आणि माझ्या धोतरावर लाल शिंतोडे उडाले. ते डाग पुढे निघाले नाहीत.

सासूबाई जावेकडे वळून म्हणाल्या, "बाई, मले चार दिवसांपूर्वी कळलं." मग दोघी आत गेल्या आणि पुष्कळ वेळ बाहेर आल्या नाहीत. सासरे नळी हातात धरून बसून राहिले. आता बोलायला कोणी अडवत नव्हते. त्या संध्याकाळी ते विहिरीवर गेले आणि वाटेत एकाही शेळीची चौकशी केली नाही.

नदी भरायच्या आत आम्ही नागपूर गाठले. या वेळी सासऱ्यांनी नळी स्वतःहून तोंडात धरली नाही. डॉक्टरांनी अंगठे लावले. सासऱ्यांनी फुंकले आणि पाणी गेले. पाठीवर ऐकणाऱ्या पोराने मान वर करून होकार दिला, मग दुसऱ्याने ऐकले, मग तिसऱ्याने. एक्स-रेचा काळा कागद उजेडासमोर धरून डॉक्टरांनी मला बोटाने दाखवले; पोकळी होती तिथे फुफ्फुस आले होते, खाली एक फटीएवढी जागा सोडून. ती आपोआप भरेल म्हणाले. ऑपरेशन नको.

"घरी गाल कोणी धरले?" त्यांनी विचारले.

सासऱ्यांनी छताकडे पाहिले. "घरचेच," म्हणाले.

"त्यांना आणायचे होते. इथे वॉर्डात पुष्कळ काम आहे."

बाटल्या आम्ही इस्पितळात परत केल्या. सासऱ्यांनी त्या स्वतः धुऊन दिल्या, आणि इतक्या आनंदाने की नर्सला संशय आला.

गावात पोचलो त्या दिवशी ओसरी पुन्हा भरली. सासरे मधोमध बसून सांगू लागले. मोठा डॉक्टर कसा चकित झाला, पोरे कशी टाळ्या वाजवू लागली, आणि आपण जी फुंकर मारली तिने बाटलीचेच कसे दोन तुकडे झाले. मी ऐकत होतो. बाटली साबूत परत केल्याची गोष्ट जिभेवर आली होती, पण जावयाने मध्ये बोलू नये.

आतल्या दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा पदर डोक्यावर होता, नजर भिंतीकडे होती. त्या राख लागलेले दोन्ही अंगठे पदराला पुसू लागल्या.

पुढची गोष्ट सासऱ्यांनी खरी सांगितली. निदान मी तिथे होतो तोवर.