साडूंच्या हातावरचं नाव

आमच्या साडूंइतका सुखी माणूस अख्ख्या पेडणे तालुक्यात शोधून सापडायचा नाही, आणि त्यांचं हे सुख मला आजवर धड एक दिवसही सोसलेलं नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, वत्सलाताईंचे, हे यजमान. कोरगावात त्यांची काजूची बाग आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेत त्यांनी गोंदणाऱ्यापुढे हात धरला आणि मनगटापासून कोपरापर्यंत 'वत्सला' असं ठसठशीत गोंदवून घेतलं. तेव्हापासून त्यांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट म्हणून शिवला नाही. सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेरापुढे हाच हात, पंगतीत वाढताना हाच हात, आणि कोणी वेळ विचारली तर घड्याळ उजव्या मनगटावर असूनही पुढे यायचा तो हा डावाच! "काळीज जाय रे, साडू," म्हणजे ह्याला काळीज लागतं, असं मला वर ऐकवायचे. घरी आलं की बायको सुरू करायची, "भावजींनी कातडीवर नाव घातलं. तुम्ही संसाराच्या भांड्यांवर घातलंत, तेसुद्धा तुमचं एकट्याचंच."

पण देवाला माझी दया आली. काळीभोर शाई आधी निळी पडली, मग हिरवट. बागेतलं ऊन वरून रंग खात होतं आणि आतल्या आत अक्षरं फुगत होती. 'त्स'ची गाठ पहिल्यांदा बुजली, मग 'व'चं पोट भरलं, शेवटी 'ला' शेजाऱ्यांत मिसळून गेला. चवथीला त्यांच्याकडे गेलो की मी गणपतीच्या आधी त्या हाताचं दर्शन घ्यायचो आणि प्रसन्न व्हायचो.

साडूंना मात्र ते जिव्हारी लागलं. "परत काळें करून घेतां," म्हणाले. मी आनंदाने त्यांना स्कूटरवर घालून हरमलला नेलं. तिथल्या टॅटूवाल्या मुलीने हात दिव्याखाली धरला, बोटाने कातडी ताणून पाहिली.

"काका, शाई पसरलीय. आता अक्षरं परत बारीक होणार नाहीत. ह्याच्यावर मोठं फूल काढते, सगळं झाकून जाईल."

"झांकूंक? तिचें नांव?" तापल्या तव्यावरून काढावा तसा साडूंनी हात काढून घेतला आणि ते उठलेच.

खुर्ची रिकामी झाली. एवढी संधी मला जन्मात मिळाली नव्हती. त्यांचा झालाय डाग, माझं नाव ताजं, काळंकुळकुळीत! मी बसलो, बायकोचं नाव सांगितलं. यंत्र गुणगुणलं, सुई एकदा टेकली. पुढचं आठवतं ते एवढंच, की माझं डोकं साडूंच्या मांडीवर होतं आणि ते टॉवेलने वारा घालत होते. हातावर उमटला होता एक ठिपका. घरी आल्यावर मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच ऊन लागल्याचं सांगून टाकलं, "वत लागलें ताका. खूब उन्हाळो." त्यानंतर त्या गोष्टीचा त्यांनी थट्टेतही कधी उल्लेख केला नाही. ह्याचाही मला हेवा वाटतो.

गेल्या काजूच्या हंगामात साडू बागेच्या उतारावर घसरले आणि तोच गोंदलेला हात सुजला. आम्ही दोघं बघायला गेलो. दारापुढच्या बल्कांवात, बाकावर बसून वत्सलाताई त्यांच्या हाताला तेल लावत होत्या आणि बहिणीला नव्या सुनेचं कौतुक सांगत होत्या. हाताकडे त्यांचं लक्षही नव्हतं. मला दिसत होता तो नुसता शेवाळी डाग. वत्सलाताईंचं बोट मात्र 'व'ला वळत होतं, 'त्स'पाशी अडत होतं आणि शेवटच्या कान्यावरून सरळ खाली उतरत होतं. पुन्हा पुन्हा.

माझी बायकोही तेच बघत होती. टोमणा येणार म्हणून मी अंग चोरलं. तर तिने माझा हात ओढून मांडीवर घेतला.

"हा तीळ कधी आला हो?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं.

"जल्माचोच आसतलो गे," ते म्हणाले.

"असेल," बायको म्हणाली. पण तिचं बोट त्या ठिपक्यावरून लगेच उठलं नाही.